पिसाच्या देठातला पत्ता: जनुकांवरून स्थलांतरित पक्ष्यांचा माग कसा काढायचा

डीएनएवरून पक्ष्याचा प्रवास दिसत नाही, हे आधीच सांगून टाकतो. पाठीवर उपग्रहाशी बोलणारं यंत्र बसवलं की पक्षी कुठून कुठे उडाला याची रेघ नकाशावर उमटते. डीएनएतून अशी रेघ कधीच निघत नाही. त्यातून कळतो तो पत्ता: हा पक्षी विणीच्या कुठल्या प्रदेशातल्या गोतावळ्यातला आहे, एवढंच. आणि पत्ता वाचायचा तर आधी पत्त्यांची वही लागते. या कामातली बहुतेक मेहनत ती वही भरण्यात जाते, आणि बहुतेक फसलेले प्रकल्प ती अर्धवट ठेवल्यामुळे फसतात.

तरीही हा खटाटोप का करायचा? डेन्मार्कमधले शिक्षक हान्स मॉर्टेन्सन यांनी १८९९ साली स्टार्लिंग पक्ष्यांच्या पायांत क्रमांक कोरलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या कड्या चढवायला सुरुवात केली. तेव्हापासून हे तंत्र जगभर पसरलं, पण त्याची एक अट कायम राहिली: तोच पक्षी दुसऱ्यांदा कुणाच्या तरी हाती लागला पाहिजे. दहा ग्रॅमच्या गाणाऱ्या पक्ष्याच्या बाबतीत असं क्वचितच घडतं. उजेड मोजून जागा नोंदवणारी जिओलोकेटर यंत्रं आज अर्ध्या ग्रॅमच्या आसपास आली आहेत, पण त्यातली नोंद वाचायला तो पक्षी पुन्हा पकडावाच लागतो. डीएनएला एकदाच पकडलेला पक्षी पुरतो. पीस हाती आलं, पक्षी उडून गेला, काम झालं.

आधी प्रश्न, मग पीस

ज्याचं उत्तर पत्त्यात सापडेल असाच प्रश्न घ्या. 'घटत चाललेल्या अमुक गटातले पक्षी हिवाळ्यात कुठे असतात?' हा चांगला प्रश्न. 'वाटेतल्या या थांब्यावरून आधी कोण जातं आणि मागून कोण?' हाही चांगला. पण 'पक्षी समुद्र ओलांडतो की किनाऱ्याकिनाऱ्याने जातो?' हे डीएनएला विचारू नका, त्यासाठी यंत्रच हवं.

मग जातीकडे बघा. पिल्लं मोठी झाल्यावर जन्मगावाच्या आसपासच वीण करत असतील, तर पिढ्यान्‌पिढ्या त्या त्या प्रदेशात जनुकीय फरक साठत जातात आणि ते वाचता येतात. जिथे सगळे सगळ्यांत मिसळतात तिथे वाचायला काही उरतच नाही. बदकांचं उदाहरण घ्या. उत्तरेकडच्या अनेक बदकांच्या जोड्या हिवाळी पाणथळीवर जमतात आणि नर मादीच्या मागोमाग तिच्या गावाला जातो. एका सायबेरियन तळ्याचा नर पुढच्या वर्षी भलत्याच तळ्यावर बाप होतो. त्यामुळे पेशीच्या केंद्रकातला डीएनए सगळीकडे ढवळला जातो. मादी मात्र घराला धरून राहते, म्हणून पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या, आईकडूनच येणाऱ्या मायटोकाँड्रियाच्या डीएनएत थोडाफार प्रादेशिक फरक टिकू शकतो. अशा जातीवर हे तंत्र वापरायचं ठरवलं तर वर्षभराच्या कष्टानंतर 'सगळे एकच' एवढंच उत्तर हाती येण्याची तयारी ठेवा. तेही उत्तरच आहे म्हणा, पण त्यासाठी हजार पिसं लागत नाहीत. पन्नासेक नमुन्यांची चाचणी आधी करून बघणं शहाणपणाचं.

उपजातींवरही फार विसंबू नका. रंगावरून पाडलेल्या दोन उपजाती जनुकांत एकसारख्या निघतात, तर दिसायला हुबेहूब असलेले दोन गट स्पष्ट वेगळे निघतात.

पिसातल्या हायड्रोजनचाही विचार याच टप्प्यावर करा. पावसाच्या पाण्यातल्या जड हायड्रोजनचं प्रमाण प्रदेशागणिक बदलतं, अन्नावाटे ते वाढत्या पिसात शिरतं आणि तिथेच कोंडलं जातं. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कहून उडालेल्या विमानाच्या इंजिनांत कॅनडा गूज जातीचे हंस शिरले आणि वैमानिकाला ते हडसन नदीवर उतरवावं लागलं. ते हंस शहरात बारमाही राहणारे होते की स्थलांतरित? इंजिनांतून काढलेल्या पिसांच्या हायड्रोजनने सांगितलं: स्थलांतरित, उत्तरेकडे कॅनडातल्या लॅब्रेडोरच्या बाजूचे. उत्तर अमेरिकेत हा हायड्रोजन मुख्यतः उत्तर-दक्षिण फरक दाखवतो आणि अनेक जातींचे जनुकीय गट पूर्व-पश्चिम विभागलेले असतात. दोन्ही एकत्र केले की एकाची उणीव दुसरा भरून काढतो. अट एकच, पीस विणीच्या प्रदेशात उगवलेलं असावं. जी जात हिवाळ्यात पिसं बदलते तिच्या पिसातलं पाणी हिवाळ्याचंच असणार.

परवानग्यांचं काम कंटाळवाणं आहे, पण ते पहिल्याच आठवड्यात सुरू करा. पक्षी पकडणं, कडी चढवणं, पीस किंवा रक्त घेणं आणि नमुना देशाबाहेर पाठवणं, या चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि बहुतेक ठिकाणी चारींना वेगळी मंजुरी लागते. जात सायटीस या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या यादीत असेल तर एकट्या पिसालाही कागद लागतो. २०१० च्या नागोया करारानंतर जनुकीय सामग्री कुणाची आणि तिचा लाभ कुणाला हा प्रश्नही कागदावर सोडवून ठेवावा लागतो.

विणीच्या जागेचे नमुने

वही भरायची ती इथे. जातीच्या विणीच्या प्रदेशाचा नकाशा समोर ठेवा आणि नमुन्यांची ठिकाणं सोयीने न निवडता त्या नकाशावर पसरून निवडा. डोंगररांगेच्या दोन बाजू, मोठं वाळवंट, समुद्राची खाडी, अशा अडसरांच्या दोन्हीकडे ठिकाण हवं. कडेचे कोपरे विसरू नका. प्रत्येक जण रस्त्याजवळच्या जंगलात जाळं लावतो आणि मग अर्धा खंड कोरा राहतो.

एका ठिकाणी किती पक्षी? माझा आकडा २० च्या आसपास. त्यामागचा हिशेब सोपा आहे. प्रत्येक पक्ष्यात प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती, म्हणजे २० पक्ष्यांत ४०. डीएनएतलं एखादं अक्षर (ए, सी, जी, टी या चारांपैकी एक) लोकसंख्येतल्या निम्म्या प्रतींत आहे असं धरलं, तर ४० प्रतींवरून काढलेल्या प्रमाणात साधारण ०.०८ ची चूक होते. ५ पक्ष्यांच्या १० प्रतींवरून ती ०.१६, म्हणजे दुप्पट. दोन प्रदेशांतला फरकच अनेकदा ०.१ चा असतो, तेव्हा ही चूक तो गिळून टाकते. पण पैसे मर्यादित असतील आणि निवड करायची वेळ आली, तर एका ठिकाणी ४० पक्षी घेण्यापेक्षा दोन ठिकाणी २०-२० घ्या. रिकाम्या पानापेक्षा थोडं पुसट पान बरं.

आता सगळ्यात मोठा सापळा. विणीच्या जागेत पकडलेला प्रत्येक पक्षी तिथे वीण करणारा असतोच असं नाही. दक्षिणेकडच्या जंगलात घरटी बांधून झालेली असतात, तेव्हा त्याच जंगलातून आणखी उत्तरेचे पाहुणे अजून जात असतात. असे चार पाहुणे संदर्भात, म्हणजे आपल्या वहीत, शिरले की त्या ठिकाणाचा पत्ता कायमचा भेसळीचा होतो, आणि ही चूक पुढे कुठलंही गणित पकडून देत नाही. म्हणून पोटावरची पिसं झडून अंडी उबवण्यासाठी उघडी पडलेली कातडी बघा, नरात गुदद्वाराजवळची विणीची सूज बघा, तोच पक्षी आठवड्याने पुन्हा जाळ्यात येतो का ते बघा. नोंदवहीत 'वीण नक्की', 'बहुधा', 'शंका' असे तीन रकाने ठेवा आणि शंकेचे नमुने संदर्भात घेऊ नका. घरटं सोडून भटकणारी त्या वर्षीची पिल्लंही टाळा. घरट्यातून नमुना घ्यायचाच तर एका घरट्यातून एकच; चार भावंडं घेतली तर चार पक्षी मोजले जातात, पण माहिती मिळते ती दोन आईबापांचीच.

पीस, रक्त आणि पाकीट

शेपटीच्या कडेचं एक पीस, फार तर दोन. पक्ष्याला हाताच्या पकडीत स्थिर धरा, पीस मुळाशी चिमटीत घ्या आणि वाढीच्या दिशेने सरळ, एका झटक्यात ओढा. तिरकं ओढलं की देठ मोडतो आणि नेमका हवा तो भाग आतच राहतो. पंखाची मोठी पिसं घेऊ नका, उडण्याचं नुकसान होतं. ही सगळी कामं हात बसलेल्या, परवानाधारक माणसाकडून किंवा त्याच्या देखरेखीखालीच. पुस्तक वाचून शिकण्यातला हा भाग नव्हे.

डीएनए असतो पिसाच्या मुळाकडच्या पोकळ देठात. देठाच्या टोकाला काही पेशी चिकटलेल्या असतात, आणि देठ संपून पिसाचा पसरट भाग सुरू होतो तिथे पीस वाढताना पुरवलेल्या रक्ताची वाळकी गुठळी अडकून राहिलेली असते. मोठ्या पिसांत ही गुठळी टोकापेक्षाही जास्त डीएनए देते. पण नवे लोक टोक तेवढं कापतात आणि उरलेलं फेकून देतात. वरचा पसरट भाग हायड्रोजनच्या मापनासाठी जपा; एकाच पिसातून दोन्ही कामं होतात. एक खाचही लक्षात ठेवा. उपटलेल्या पिसाच्या जागी नवं पीस उगवतं, ते पक्षी तेव्हा जिथे असेल तिथल्या पाण्याचं. तोच पक्षी पुढे पुन्हा हाती आला आणि तुम्ही तेच पीस घेतलं, तर डीएनए बरोबर निघेल, हायड्रोजन मात्र खोटं बोलेल.

रक्त घेता आलं तर उत्तम. माणसाच्या तांबड्या पेशींत केंद्रक नसतं, पक्ष्याच्या असतं, त्यामुळे एका थेंबात प्रयोगशाळेला पुरून उरेल इतका डीएनए मिळतो. पंखाखालच्या शिरेतून सुईच्या टोचणीने आलेला थेंब केशनळीत घ्यायचा. सर्वसाधारण मर्यादा शरीराच्या वजनाच्या १ टक्का. दहा ग्रॅमच्या पक्ष्यात ती ०.१ मिलिलिटर होते, पण आपल्याला त्याच्या पाचव्या हिश्श्याचीही गरज नाही. हेपरिन लावलेली नळी वापरू नका, ते पुढे पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या प्रक्रियेत, अडथळा आणतं.

रक्त ९५ टक्के इथेनॉलमध्ये, लायसिस बफर या पेशी फोडणाऱ्या द्रावणात किंवा खास कागदी कार्डावर. पीस मात्र कोरड्या कागदी पाकिटात. प्लास्टिकच्या पिशवीत दमटपणा साचतो, बुरशी येते आणि डीएनए तुटतो. पाकिटावर कडीचा क्रमांक, तारीख, ठिकाणाचे अक्षांश-रेखांश, वय, लिंग आणि पकडणाऱ्याची आद्याक्षरं पेन्सिलने लिहा. इथेनॉल सांडलं की बॉलपेनची शाई वाहून जाते, पेन्सिल टिकते. घरी आल्यावर उणे २० अंशांचा फ्रीझर.

प्रदेश दुर्गम असेल तर संग्रहालयांकडे वळा. जुन्या भुसा भरलेल्या पक्ष्यांच्या पायाच्या तळव्याचा कणभर तुकडा पुरतो. मात्र हा डीएनए बारीक तुकड्यांत मोडलेला असतो आणि त्यात 'सी'च्या जागी 'टी' वाचला जाण्याची खास विकृती असते. म्हणून त्याचं काम वेगळ्या खोलीत, आणि निष्कर्ष काढताना असे बदल बाजूला ठेवून.

प्रयोगशाळेत

पिसाचा देठ बारीक कापून प्रोटिनेज के या विकरात ५६ अंशांवर रात्रभर ठेवतात. पीस केराटिन या चिवट प्रथिनाचं असल्याने त्यात डीटीटी हे रसायनही घालावं लागतं, नाहीतर देठ सकाळी जसाच्या तसा. शेवटी डीएनए कमीत कमी द्रवात उतरवून घ्या. प्रत्येक खेपेत एक नळी रिकामी, म्हणजे पीस न घालता, सगळ्या पायऱ्यांतून न्या. त्या नळीत डीएनए सापडला तर ती पूर्ण खेप संशयित.

नमुने प्रयोगशाळेच्या खळग्यांच्या ताटलीत भरताना ठिकाणानुसार भरू नका. एका ताटलीत सगळे पूर्वेचे आणि दुसरीत सगळे पश्चिमेचे भरले, तर पुढे दिसणारा फरक पक्ष्यांचा की ताटलीचा हे कुणालाच सांगता येणार नाही. वेगवेगळ्या यंत्रांवर किंवा वर्षांत वाचलेल्या नमुन्यांतही असे खोटे गट तयार होतात. दोन रंगांवर चालणारी वाचनयंत्रं संकेत संपला की ओळीने 'जी' छापत सुटतात. ती शेपटी कापली नाही तर नकाशावर यंत्रांचेच प्रदेश उमटतात. थोडे नमुने मुद्दाम दोन्ही खेपांत घाला.

लिंग कळलं नसेल तर सीएचडी१ या जनुकाच्या पीसीआरने कळतं. पक्ष्यांत मादीची लिंग-गुणसूत्रं झेड आणि डब्ल्यू, नराची दोन्ही झेड, म्हणून मादीत सहसा दोन पट्टे दिसतात आणि नरात एक.

कुठली खूण वाचायची

सुरुवातीच्या संशोधकांकडे मायटोकाँड्रियाचा डीएनए होता. पक्ष्याचा संपूर्ण जीनोम, म्हणजे सगळा डीएनए मिळून, एक अब्ज अक्षरांच्या वर, मायटोकाँड्रिया जेमतेम १७ हजारांच्या आसपास, आणि तोही फक्त आईच्या बाजूचा. उत्तर अमेरिकेतल्या विल्सन्स वॉर्बलर या पिवळ्या, काळ्या टोपीच्या छोट्या पक्ष्यात त्यावरून पूर्व आणि पश्चिम एवढेच दोन गट वेगळे काढता आले होते. पश्चिमेतले बारकावे त्यात दिसत नव्हते. नंतर क्रिस्टेन रुएग, थॉमस स्मिथ आणि सहकाऱ्यांनी याच पक्ष्याच्या सुमारे साडेचार लाख स्निपमधून, म्हणजे एका अक्षराच्या फरकांमधून, सर्वांत जास्त भेद दाखवणारे ९६ निवडले आणि १,६२६ नमुने त्यांवर वाचले. ते काम २०१४ साली प्रसिद्ध झालं. पॅसिफिक किनाऱ्याच्या पट्ट्यातल्या वेगवेगळ्या प्रदेशांच्या पक्ष्यांच्या वाटा आणि वेळापत्रकंही त्यात वेगळी दिसली. अशा नकाशांना आता जीनोस्केप म्हणतात.

आजही मार्ग साधारण तोच आहे. आधी प्रत्येक प्रदेशातले थोडे पक्षी घेऊन संपूर्ण जीनोम उथळ वाचायचा, प्रत्येक अक्षर सरासरी एक-दोनदा. त्यातून भेद दाखवणारे स्निप निवडायचे. मग हजारो पिसांसाठी फक्त तेवढेच वाचणारा स्वस्त संच बनवायचा. किती स्निप लागतील हे गट किती जवळचे आहेत त्यावर अवलंबून. ९६ कधी पुरतात, कधी काही शे लागतात. पिसांतून मिळणारा डीएनए तोकडा असेल तर असा संच जास्त भरवशाचा. रक्त भरपूर असेल आणि वाचन परवडत असेल तर सगळ्यांचाच उथळ जीनोम वाचा, संचाची गरज नाही. मात्र उथळ वाचनात प्रत्येक अक्षर नक्की माहीत नसतं, शक्यता माहीत असते, म्हणून अँग्सडीसारखी शक्यतांवर चालणारी संगणकीय साधनं वापरावी लागतात.

स्निप निवडताना गुणसूत्राच्या एकाच तुकड्यावरचे दहा निवडू नका. ते एकत्रच वारशात जातात, म्हणजे एकाच साक्षीदाराला दहा वेळा साक्षीला बोलावल्यासारखं. उलटे फिरलेले मोठे तुकडे तर फारच फसवतात. युरोपातल्या विलो वॉर्बलरमध्ये १ आणि ५ क्रमांकांच्या गुणसूत्रांवर असे प्रदेश आहेत आणि ते वेगवेगळ्या दिशांनी आफ्रिकेत जाणाऱ्या दोन उपजातींशी जुळतात. बाकीचा जीनोम मात्र जवळपास सारखा. तिथे हे तुकडे पत्त्यासाठी वरदान आहेत, पण तुमच्या जातीत असा तुकडा भूगोलाऐवजी उंचीशी जुळत असेल, तर नकाशा पर्वत आणि सपाटी दाखवेल आणि तुम्ही त्याला पूर्व-पश्चिम समजाल. म्हणून गुणसूत्रागणिक वेगळी चित्रं काढून बघा. लिंग-गुणसूत्रांवरचे स्निप सुरुवातीला बाजूला ठेवा, नाहीतर पहिले दोन गट निघतील नर आणि मादी.

नकाशा आणि त्याची परीक्षा

विणीच्या नमुन्यांवर आधी पीसीए, म्हणजे जनुकांनी जवळचे पक्षी चित्रात जवळ मांडणारी पद्धत, मग स्ट्रक्चर किंवा अ‍ॅडमिक्स्चरसारखं गट पाडणारं साधन. साधन किती गट करू असं विचारतं. सर्वांत देखणा दिसणारा आकडा निवडायचा मोह होतो. नियम साधा ठेवा: ज्या गटाला भूगोलात सलग जागा आहे आणि जो वेगवेगळ्या खेपांत पुन्हा पुन्हा येतो, तोच गट. मग प्रत्येक ठिकाणच्या पक्ष्यांतला गटांचा वाटा नकाशावर पसरवा आणि जातीच्या विणीच्या हद्दीवर कापा. गटांचे रंग ज्या ठिकाणी एकमेकांत विरघळतात तिथे ते विरघळू द्या. निसर्गात बहुधा तिथे खरोखरच सरमिसळ असते.

आता परीक्षा, आणि ती प्रामाणिकपणे. ज्या पक्ष्यांवरून स्निप निवडले त्यांचेच पत्ते ओळखून '९८ टक्के बरोबर' म्हणणं म्हणजे फुटलेल्या पेपरवर मिळालेले गुण. योगायोगाने त्या पक्ष्यांत भेद दाखवणारे स्निपच तर आपण निवडलेले असतात. एकेक पक्षी बाहेर काढून तपासणं इथे पुरेसं नाही, कारण निवडीच्या वेळी तो आतच होता. सुरुवातीलाच नमुन्यांचे दोन भाग करा, एका भागावर स्निप निवडा, दुसऱ्या भागाला तोपर्यंत हात लावू नका, आणि परीक्षा फक्त त्याच्यावर घ्या. आकडा घसरतो. घसरलेलाच खरा.

हिवाळ्यातल्या पक्ष्याला पत्ता देणं

यामागचं गणित एका उदाहरणात बसतं. एका स्निपवर 'ए' अक्षराचं प्रमाण पूर्वेच्या गटात ०.७, पश्चिमेच्या गटात ०.४. हिवाळ्यात मिळालेल्या पक्ष्याकडे दोन्ही प्रती 'ए' आहेत. पूर्वेत असा पक्षी सापडण्याची शक्यता ०.७ गुणिले ०.७, म्हणजे ०.४९, पश्चिमेत ०.१६. या एका साक्षीने माप तिप्पट पूर्वेकडे झुकलं. पुढचा स्निप कदाचित पश्चिमेकडे थोडं परत ओढेल. ९६ स्वतंत्र साक्षींचा गुणाकार केला की बहुतेकदा निकाल स्पष्ट होतो. रुबियाससारखी साधनं हेच करतात, शिवाय त्या थांब्यावर एकूण कुठल्या गटाचं प्रमाण किती याचाही अंदाज बांधून तो निकालात धरतात.

निकाल ०.८ च्या वर असेल तरच पत्ता द्यावा असं मी मानतो. खालचे 'अनिश्चित' म्हणून वेगळे ठेवावेत. पण उच्च आकड्यालाही भुलू नका. साधनाला वहीतलाच कुठला तरी पत्ता द्यायचा असतो. पक्षी वहीत नसलेल्या प्रदेशातला असेल तर ते त्यातल्या त्यात जवळचा पत्ता ०.९९ च्या खात्रीने देऊन मोकळं होतं. यावर उपाय असा: दिलेल्या गटातल्या खऱ्या पक्ष्यांच्या मानाने या पक्ष्याचा डीएनए किती विचित्र आहे तेही मोजायचं. रुबियास त्यासाठी झेड-स्कोअर देतं. विचित्र पक्षी एकाच हिवाळी जागेत ढिगाने निघाले तर आनंदाची गोष्ट समजा. वहीचं कुठलं पान कोरं आहे हे त्यांनी दाखवलं.

पत्ता हा वंशाचा असतो. एखाद्या पक्ष्याचे आईबाप तरुणपणी दुसऱ्या प्रदेशात जाऊन वसले असतील, तर तो जन्माला आला एकीकडे आणि डीएनए सांगेल दुसरीकडचा. आणि तोही प्रदेशाच्या मापात, सहसा शेकडो किलोमीटरांच्या. 'या जंगलातून आला' असं कुणी डीएनएवरून सांगत असेल तर त्याला परीक्षेचे गुण विचारा.

वाटेतल्या थांब्यांवर या तंत्राची खरी मजा येते. विल्सन्स वॉर्बलरच्या अभ्यासात अ‍ॅरिझोनातल्या एका थांब्यावर वसंतात आधी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याचे पक्षी गेले आणि दूर उत्तरेचे बरेच मागून. जाळ्यात दोन्ही सारखेच दिसतात. तारीख आणि डीएनए जोडल्याशिवाय त्या थांब्यावर 'हंगाम' एकच वाटतो.

पकडलेले पक्षी आणि असलेले पक्षी

इथे अनुभवी लोकही घसरतात. समजा, दोन हिवाळी जागा आहेत. पहिलीत २० पक्षी पकडले, निम्मे उत्तर-गटाचे निघाले. दुसरीत २० पकडले, त्यातले फक्त २. वाटतं की उत्तर-गट पहिल्या जागेत राहतो. पण दुसऱ्या जागेत जातीचे पक्षी पहिल्याच्या दहापट असतील तर? पहिल्या जागेची एकूण संख्या १ धरली तर उत्तर-गट तिथे ०.५ आणि दुसऱ्या जागेत १०चा दहावा हिस्सा, म्हणजे १. उत्तर-गटाचे दोन तृतीयांश पक्षी त्याच जागेत आहेत जी आपण वगळणार होतो. म्हणून प्रत्येक जागेचे वाटे तिथल्या पक्ष्यांच्या अंदाजे संख्येने गुणल्याशिवाय संवर्धनाचा सल्ला देऊ नका. संख्येचा अंदाज पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींतून निघतो, आणि तो ढोबळ असला तरी शून्यापेक्षा बरा.

स्थलांतराची जनुकं हा वेगळा विषय

हे काम करायला लागलं की लोक हमखास विचारतात, 'म्हणजे स्थलांतराचं जनुक सापडलं का?' पत्त्यासाठी स्थलांतराशी संबंध असलेलं जनुक लागत नाही. आडनावावरून गाव ओळखताना आडनावाने माणसाला चालायला शिकवलेलं नसतं. तो शोध वेगळ्या वाटेने चालू आहे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या बहिरी ससाण्यांच्या अभ्यासात ५६ पक्ष्यांना उपग्रह-यंत्रं लावली होती, ३५ पक्ष्यांचे जीनोम वाचले होते, आणि लांब पल्ल्याच्या स्थलांतराशी एडीसीवाय८ या जनुकाचा संबंध दिसला. कॅनडात स्वेन्सन्स थ्रशच्या दोन गटांच्या सीमेवर होणारी संकरित पिल्लं अनेकदा आईबापांच्या वाटांच्या मधल्याच वाटेने निघतात. हे वाचायला रंजक आहे, पण त्या जनुकांना तुमच्या संचात जागा द्यायची तर भेद दाखवतात म्हणून द्या, प्रसिद्ध आहेत म्हणून नको.

उरलेले नमुने

अनिश्चित आणि विचित्र निघालेल्या पक्ष्यांची यादी वेगळी ठेवा आणि त्यांचा उरलेला डीएनए फ्रीझरच्या एका ठरावीक खणात एकत्र ठेवा. पुढे कुणी विणीच्या कोऱ्या कोपऱ्यातून वीस पिसं आणली की आधी हीच यादी पुन्हा चालवायची. नवे हिवाळी नमुने नंतर. कच्च्या वाचनाच्या फाइली, स्निपची यादी आणि प्रत्येक नमुन्याचे अक्षांश-रेखांश सार्वजनिक संग्रहात घाला, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या वहीत तुमची पानं जोडता येतील. दुर्मिळ जातीच्या घरट्यांची नेमकी जागा मात्र ढोबळ करून द्या, कारण ती यादी वाचणारे सगळेच संशोधक नसतात.